सही केली, खरं कशावर?

२०२५ च्या दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. बेळगावच्या वडगावात मावशीच्या घरी बसलो होतो. पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग, मागं स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीत कांड्या भरत बसलेली मावशी. दारात दोन मुली आल्या. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, हातात पॅड. "मानसिक आरोग्यावर प्रोजेक्ट आहे आंटी, पाच मिनिटं लागतील." मागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येईना, म्हणून काकांनी दोन्ही माग बंद केले.

घर एकदम गप्प झालं. मावशीची जाऊ स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. विरजण मागायला आलेली शेजारीण वाटी घेऊन तिथंच टेकली. मागावरचे दोन कामगार तंबाखू मळत ऐकू लागले.

मुलींनी आधी एका इंग्रजी कागदावर सही घेतली. मावशी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिनं सावकाश, एकेक अक्षर जोडत नाव लिहिलं. मग प्रश्न सुरू झाले. एक मुलगी इंग्रजी वाचून कन्नडमध्ये सांगायची, दुसरी त्याचं जमेल तसं मराठी करायची. गेल्या दोन आठवड्यांत उदास, निराश वाटलं का? कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, की जवळजवळ रोज? मावशी म्हणाली, "कधीच नाही." झोप लागत नाही असं होतं का? "कधीच नाही." नऊ प्रश्न झाले, नऊ वेळा "कधीच नाही" झालं. मुली चहा घेऊन, आभार मानून गेल्या.

माग पुन्हा सुरू झाले तशी मावशी माझ्या कानाशी आली. "थोरला पुण्याला गेल्यापासून रात्री तीनलाच डोळा उघडतोय बघ. मग काय झोप नाही."

मी विचारलं, मग त्यांना का नाही सांगितलंस? तिनं जावेकडं नुसतं पाहिलं. आणि सही कशावर केलीस?

"सही केली, खरं कशावर केली ते ठाऊक नाही. रेशन कार्डाचं असंल म्हटलं. नाही म्हटलं आणि कार्ड बंद पडलं तर?"

बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात. "येतो खरं उशीर होईल" म्हणजे येतो, पण उशीर होईल. पुण्यामुंबईचे पाहुणे यावर हसतात. मला मात्र हा शब्द फार शहाणा वाटतो, कारण मानसशास्त्राच्या संशोधनात एक 'पण' पोटात घेतल्याशिवाय कुठलंच 'खरं' पुढं येत नाही.

मावशीचा गैरसमज अगदीच हवेतला नव्हता. त्याच दिवसांत राज्य मागासवर्ग आयोगाचं सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण घरोघरी चालू होतं, साठ प्रश्नांचं. ते प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं तेव्हा माहिती देणं ऐच्छिक आहे हे लोकांना स्पष्ट सांगा, असं न्यायालयानं बजावलं होतं. आमच्या गल्लीत मात्र पॅड घेऊन येणारा प्रत्येक माणूस सरकारचाच, असा समज होता. रोज पेपरात आणि व्हॉट्सअॅपवर 'संशोधनात सिद्ध झालं' म्हणून जे येतं, ते अशाच कागदांच्या गठ्ठ्यांतून येतं. ते कागद कसे तयार होतात हे एकदा नीट बघू.

न दिसणारं मोजायचं कसं?

कापड वारावर मोजता येतं, भात पोत्यावर. ताण, भीती, एकटेपणा यांना वजनकाटा नाही. म्हणून मानसशास्त्रज्ञ आधी ठरवतात, की 'ताण' म्हणजे आपण नेमकं काय धरायचं. किती रात्री झोप लागली नाही? जेवण कमी झालं का? कामात मन लागतं का? अशा मोजता येण्याजोग्या खुणा ठरवल्या की प्रश्नावली होते. मावशीपुढं आलेले नऊ प्रश्न त्याच जातीचे होते आणि तशी प्रश्नावली दवाखान्यांत सर्रास वापरली जाते. प्रश्नांत खोट नव्हती.

मोजपट्टी चांगली की वाईट हे कळायला गावातली दूध डेअरी आठवा. एकाच किटलीतलं दूध दोनदा मशीनला लावलं आणि एकदा फॅट साडेतीन, एकदा पाच आलं, तर तुम्ही तिथंच भांडाल. तीच गोष्ट पुन्हा मोजली तर तेच उत्तर यावं, याला विश्वसनीयता म्हणतात. आता दुसरं मशीन बघा. म्हशीचं घाला, गाईचं घाला, निम्मं पाणी घाला, ते दर वेळी ठामपणे चारच दाखवतं. त्याच्या बोलण्यात फरक नाही, पण ते फॅट मोजतच नाही. जे मोजायचं तेच मोजलं जातंय का, याला वैधता म्हणतात.

मावशीचे नऊ 'कधीच नाही' हे दुसऱ्या मशीनसारखे. पुढच्या आठवड्यात त्याच सोप्यात, जावेसमोर विचारलं असतं तर पुन्हा नऊच आले असते. उत्तर पक्कं होतं. फक्त ते मावशीच्या मनाचं नव्हतं, तर 'चार माणसांत काय बोलावं' याचं होतं.

येळ्ळूरचं शेत आणि इंग्रजी शाळा

मोजता आलं तरी कारण कळत नाही. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीतसुद्धा चालणारा वाद घ्या. मुलांना मराठी शाळेत घालायचं की इंग्रजी? इंग्रजी माध्यमातली मुलं बोलण्यात धीट असतात, असं पुष्कळांचं निरीक्षण आहे. निरीक्षण क्षणभर खरं धरू. धीटपणा शाळेमुळं आला की आणखी कशामुळं? ज्या घरात फी भरायची ऐपत आहे तिथं आईबाप बहुधा जास्त शिकलेले असतात, घरी गाडी असते, पाहुण्यांसमोर मुलाला पुढं करायची सवय असते. दोन गोष्टी हातात हात घालून चालतात म्हणजे एकीनं दुसरीला जन्म दिला असं होत नाही. या नुसत्या सोबतीला सहसंबंध म्हणतात, आणि 'संशोधनात सिद्ध झालं'वाले मथळे बहुतेक वेळा इथंच घसरतात.

कारण शोधायचं तर प्रयोग करावा लागतो, आणि त्याची मूळ युक्ती शेतातून आली आहे. येळ्ळूरच्या शिवारात दोन खतांपैकी भाताला कुठलं बरं हे बघायचंय. एक खत पाटाकडच्या वाफ्यांना आणि दुसरं माळाकडच्या वाफ्यांना घातलं, तर पीक खतानं वाढलं की पाण्यानं हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणून वाफ्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याच्या नशिबी जे खत येईल ते घालायचं. पाणी, माती, उंदीर सगळं दोन्हीकडं साधारण सारखं वाटलं जातं आणि फरक उरतो तो खताचा. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी ही पद्धत शास्त्रशुद्ध मांडली. मानसशास्त्रानं ती उचलली आणि वाफ्यांच्या जागी माणसं आली.

अडचणही तिथंच सुरू झाली. चिठ्ठी टाकून 'तुमची मुलगी इंग्रजी शाळेत, यांची मराठी शाळेत' असं कुणी ठरवेल का? वाफ्याला विचारावं लागत नाही, माणसाला विचारावं लागतं. कारण शोधायची सगळ्यात धारदार पद्धत कितीतरी प्रश्नांना लावताच येत नाही, कारण ती लावणं हाच अन्याय होईल. तिथं संशोधक वर्षानुवर्षं त्याच मुलांवर नजर ठेवतात, सारख्या घरांतल्या मुलांची तुलना करतात. उत्तर थोडं धूसर येतं.

जर्मनीतला नंदीबैल

दारात नंदीबैल येतो. "औंदा पाऊस बरा का?" नंदी मान हलवतो. बैलाला हवामानातलं काही कळत नाही, त्याला मालकाचा इशारा कळतो. हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं, तरी चार आणे टाकतोच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गाजला. तो बेरजा करायचा आणि उत्तराइतक्या वेळा खूर आपटायचा. त्याचा मालक, निवृत्त शिक्षक फॉन ओस्टेन, लबाड नव्हता. आपण घोड्याला खरंच गणित शिकवलं असं तो मनापासून मानायचा. १९०४ मध्ये जाणकारांची समिती बसली, तिलाही फसवणूक सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं दोन साध्या गोष्टी केल्या. एक, विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल असे प्रश्न दिले. दोन, विचारणारा घोड्याला दिसणार नाही अशी व्यवस्था केली. हान्सचं गणित संपलं. विचारणाऱ्याच्या मानेची, चेहऱ्याची नकळत होणारी हालचाल बघून तो खूर थांबवत होता. ही हालचाल आपण करतोय याचा विचारणाऱ्याला पत्ता नव्हता.

म्हणून चांगल्या प्रयोगात कुणाला कुठला उपचार मिळाला हे उत्तरं नोंदवणाऱ्यालाही कळू देत नाहीत आणि घेणाऱ्यालाही नाही. घोडा माणसाचा चेहरा वाचतो, तर माणूस किती वाचत असेल! समोरची पोरगी घाईत आहे, तिला 'कधीच नाही' हवंय म्हणजे पुढच्या घरी जाता येईल, हे मावशीनं पहिल्या प्रश्नालाच ओळखलं असणार.

शितावरून भाताची परीक्षा, खरं भात ढवळलाय का?

सगळ्या जिल्ह्याला विचारता येत नाही. थोड्यांना विचारून सगळ्यांचा अंदाज बांधायचा, त्या थोड्यांना नमुना म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात ढवळलेला असेल तर. वरचं शीत कच्चं आणि तळाला करपलेलं, अशा पातेल्यात एक दाणा दाबून काय कळणार?

१९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकानं निवडणुकीचा कौल घ्यायला सुमारे एक कोटी पत्रिका पाठवल्या. तेवीस-चोवीस लाख परत आल्या. एवढा मोठा नमुना, म्हणून लँडन जिंकणार असं छातीठोकपणे छापलं. रूझवेल्ट प्रचंड मतांनी आले. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतले होते, म्हणजे मंदीच्या काळातल्या बऱ्या घरांचे. शिवाय पत्रिका परत पाठवली ती ज्यांना काही म्हणायचं होतं त्यांनीच. चमचा कितीही मोठा असला तरी वरवरचाच भात आला.

आजचं त्याचं भावंड म्हणजे मित्रांच्या ग्रुपवर फिरणारा गुगल फॉर्म. टिळकवाडीतल्या कॉलेजच्या शंभर मुलामुलींनी तो भरला की मथळा होतो, 'बेळगाव जिल्ह्यातील तरुणाई तणावाखाली'. त्यात खानापूरच्या जंगलाकडच्या वाडीतला मुलगा कुठं आहे? निपाणीत विड्या वळणारी पोरगी कुठं आहे? जगाच्या पातळीवरही हेच झालं. जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं, की 'माणसाचं मन असं असतं' म्हणून सांगितलेलं बरंचसं ज्ञान पाश्चात्त्य, शिकलेल्या, सुखवस्तू देशांतल्या लोकांवरून, त्यातही कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरून आलेलं आहे. जगाच्या मानानं तीच माणसं वेगळी निघाली.

कुठल्या भाषेत विचारलं?

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर 'आदळून चुरा झाल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, 'टेकल्या' तेव्हा किती? फिती त्याच. पहिल्यांनी सरासरी ताशी ४०.८ मैल सांगितले, दुसऱ्यांनी ३१.८. एका क्रियापदाचा हा फरक.

एका भाषेतल्या एका शब्दानं एवढं होत असेल, तर इंग्रजीतून कन्नडात आणि कन्नडातून मराठीत आलेल्या प्रश्नाचं काय होत असेल? आमच्याकडं बाई "मला नैराश्य आहे" असं म्हणत नाही. ती म्हणते करमत नाही, डोकं जड झालंय, जीव कशात लागत नाही, पोटात कालवतंय. पाठ्यपुस्तकातला 'निराश' शब्द तिला परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा वाटतो. तिच्या दुखण्याला तो शब्द शिवतच नाही.

यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही. एकानं प्रश्न इंग्रजीतून मराठीत आणायचे. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते मराठीतून पुन्हा इंग्रजीत न्यायचे. दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवले की गळती कुठं झाली ते दिसतं. याला उलट भाषांतर म्हणतात. त्यानंतर चार घरी जाऊन विचारायचं, "या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?" ही शेवटची पायरी सगळे गाळतात, आणि नेमकी तीच सगळ्यात कामाची असते.

सीमाभागात आणखी एक गाठ आहे. घरात काय बोलता, शाळा कुठल्या भाषेत झाली, मातृभाषा कोणती, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाच माणसाची तीन वेगळी उत्तरं येऊ शकतात. वर ते कोण विचारतंय, कुठल्या भाषेत, हातातल्या कागदावर कुणाचा शिक्का, हे बघून माणूस उत्तर बेततो. १९५६ पासून इथल्या माणसाला भाषेच्या रकान्यात काय भरलं जातंय याची धास्ती आहे. तो खोटं बोलत नाही, जपून बोलतो. प्रश्न विचारणाऱ्यानं हे जपणं धरून चालायला हवं.

साडेचार डॉलरांचा प्रयोग

आता नीतीकडं. नियम कुणाला हौस आली म्हणून झाले नाहीत, माणसं पोळल्यावर झाले.

१९६१ साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या स्टॅन्ली मिलग्रॅमनं वर्तमानपत्रात जाहिरात दिली. स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसं हवीत, तासाला चार डॉलर आणि प्रवासाचे पन्नास सेंट. आलेल्या माणसाला 'शिक्षक' करायचे. पलीकडच्या खोलीत 'विद्यार्थी'. तो चुकला की बटण दाबून विजेचा झटका द्यायचा आणि दर चुकीला एक पायरी वर चढायचं. पंधरा व्होल्टपासून साडेचारशेपर्यंत तीस बटणं. खरं तर झटका बसतच नव्हता, 'विद्यार्थी' मिलग्रॅमचाच माणूस होता. पण बटण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. तो थांबला की करड्या कोटातला माणूस शांतपणे म्हणायचा, "प्रयोगासाठी तुम्ही पुढं जाणं आवश्यक आहे."

१९६३ मध्ये छापलेल्या पहिल्या निष्कर्षात ४० पुरुष होते. २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. खुशीनं नव्हे. माणसं घामाघूम झाली, थरथरली, अडखळली, काहींना विचित्र हसू फुटलं आणि ते आवरेना. अधिकाराच्या आवाजापुढं साधा माणूस कुठवर जातो हे या प्रयोगानं दाखवलं, आणि ते ज्ञान मोठं आहे, यात शंका नाही. पण त्या सव्वीस जणांनी घरी जाताना स्वतःबद्दल काय नेलं? 'सांगितलं तर मी माणूस मारू शकतो' हे ज्ञान त्यांनी मागितलं नव्हतं. मिलग्रॅमनं नंतर पत्रं पाठवून विचारलं तेव्हा ८४ टक्के म्हणाले, भाग घेतला ते बरं झालं. पण विचारलं कुणी? त्याच मिलग्रॅमनं. हान्स घोडा आठवतो.

त्याआधी १९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या मुलापुढं पांढरा उंदीर ठेवून मागं लोखंडी कांबीवर हातोडा मारला. मूल उंदराला भ्यायला शिकलं. ती भीती काढून टाकायचं राहूनच गेलं. १९७१ मध्ये स्टॅनफर्डला फिलिप झिंबार्डोनं विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी केलं. चौदा दिवसांचा प्रयोग सहाव्या दिवशी गुंडाळावा लागला. पहारेकऱ्यांना कठोर वागायला सुचवलं होतं हे पुढं ध्वनिमुद्रणांतून बाहेर आलं, म्हणजे नीतीबरोबर 'नुसती भूमिका दिली की माणूस क्रूर होतो' हा निष्कर्षही गेला.

सगळ्यात काळी गोष्ट मानसशास्त्रातली नाही, वैद्यकातली आहे, पण नियमांना धार तिनंच आणली. अलाबामातल्या टस्कीगी इथं १९३२ पासून सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर नजर ठेवली गेली. ३९९ जणांना उपदंश होता, पण तो त्यांना सांगितला नाही. 'रक्त खराब आहे' एवढंच सांगितलं. पेनिसिलीन आलं तरी दिलं नाही. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत फुटेपर्यंत हे चाललं. त्यातून १९७९ चा बेलमाँट अहवाल आला. त्याची तीन सूत्रं अशी: माणसाचा मान राखा, भलं करा आणि इजा टाळा, ओझं आणि लाभ न्यायानं वाटा. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतरची १९४७ ची न्युरेंबर्ग संहिता आणि १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा आधीपासून होतेच. आपल्याकडं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

त्यात मावशीच्या कामाचं पुष्कळ आहे. संमती समजून-उमजून दिलेली हवी आणि कागद त्या माणसाला कळेल अशा भाषेत हवा. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवायचा आणि मग अंगठा घ्यायचा. सात वर्षांवरच्या मुलांच्या बाबतीत आईबापाच्या सहीबरोबर मुलाचाही होकार विचारायचा. नाही म्हणता आलं पाहिजे, हो म्हणून नंतर माघार घेता आली पाहिजे, आणि त्यापायी काही गमवावं लागता कामा नये. विडी कारखान्यात मुकादमानं बायकांना रांगेत उभं करून "भरा गं फॉर्म" म्हटलं, तर ती सही संमती नव्हे, हजेरी आहे. वर्गात सरांनी वाटलेल्या प्रश्नावलीचंही तेच.

"नुसता कागद तर भरायचाय, त्यात एवढं काय?"

हा आक्षेप मला दोन प्राध्यापकांनीच घेतला. विजेचा झटका नाही, औषध नाही, मग एवढा बाऊ कशाला?

त्या नऊ प्रश्नांतला शेवटचा प्रश्न 'जगून उपयोग नाही, स्वतःला काही करून घ्यावं असं वाटतं का' या अर्थाचा असतो. समजा मावशीनं त्याला हो म्हटलं असतं. वीस वर्षांची विद्यार्थिनी पुढं काय करणार होती? खूण करून पुढच्या घरी जाणार? असा प्रश्न घेऊन बाहेर पडणाऱ्यानं उत्तर 'हो' आलं तर कुणाला कळवायचं, कुठं पाठवायचं, हे आधी ठरवलेलं असावं लागतं. निदान टेली-मानस या सरकारी मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक छापलेली चिठ्ठी तरी हातात हवी. धारवाडला मानसिक आजाराचं मोठं सरकारी रुग्णालय आहे, पण आमच्याकडं "याला धारवाडला न्या" ही थट्टा आहे, सल्ला नव्हे. त्या थट्टेच्या भीतीनंच जावेसमोर नऊ वेळा 'कधीच नाही' येतं.

गोपनीयता म्हणजे नाव लिहायचं नाही, एवढंच नाही. दार लावून विचारणंही त्यात आलं. ते नीतीचं कलम म्हणून बघा की मोजमापाची गरज म्हणून बघा, दार तेच. ज्याला नाही म्हणायची मुभा नाही, त्याच्या 'हो'ला वजन नसतं, ना माणुसकीच्या हिशेबात, ना आकड्यांच्या. पद्धतीचा धडा वेगळा आणि नीतीचा वेगळा असं पाठ्यपुस्तकात छापतात, ते मला कधीच पटलं नाही.

आणि आपण शिकलेले लोक मावशीला हसू नये. २०१२ च्या जानेवारीत फेसबुकनं ६,८९,००३ लोकांच्या पडद्यावर कुणाला आनंदी मजकूर कमी, कुणाला दुःखी मजकूर कमी दाखवला आणि ते स्वतः काय लिहितात हे पाहिलं. २०१४ मध्ये ते छापून आल्यावर गदारोळ झाला. संमती कुठं होती? खातं उघडताना 'मान्य आहे' दाबलं होतं, त्यात. आपणही सही केलीच होती, खरं कशावर?

"सगळं आधीच सांगितलं तर लोक सोंग घेतील की"

हे मात्र खरं आहे. 'तुम्ही खोटं बोलता का ते बघतोय' असं सांगून बसवलं तर कोण खोटं बोलेल? म्हणून काही वेळा प्रयोगाचा हेतू लपवायची परवानगी मिळते, पण त्याला कुंपण आहे. दुसरा मार्गच नसावा, धोका किरकोळ असावा, नीती समितीनं आधी तपासलेलं असावं, आणि संपल्यावर समोर बसवून सगळं उलगडून सांगावं, त्यानंतरही 'माझं उत्तर काढून टाका' म्हणता यावं.

नियमांनी संशोधन मरतं अशी ओरड असते. जेरी बर्गर यांनी २००९ मध्ये मिलग्रॅमचा प्रयोग पुन्हा केला तो याच कुंपणात राहून. त्यांनी हळव्या प्रकृतीची माणसं आधीच वगळली आणि १५० व्होल्टलाच सगळं थांबवलं, कारण मूळ प्रयोगात तिथून पुढं गेलेले बहुतेक शेवटपर्यंत गेले होते. सुमारे ७० टक्के लोक तिथंही पुढं जायला तयार होते. उत्तर मिळालं आणि कुणाला साडेचारशेपर्यंत फरपटावं लागलं नाही.

"मग यांचं मानायचं की नाही?"

२०१५ मध्ये जगभरच्या संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० छापील अभ्यास पुन्हा करून पाहिले. पहिल्यासारखा ठोस निकाल पुन्हा मिळाला तो ३६ टक्के अभ्यासांत. काहींनी यावर 'सगळं थोतांड' म्हणून हात झटकले. मला उलट वाटतं. ज्योतिषांनी आपली शंभर भाकितं तपासून चौसष्ट फसली असं कधी छापलंय? आता बरेच संशोधक काय तपासणार हे आधीच नोंदवून ठेवतात, म्हणजे बाण मारून मग भोवती वर्तुळ काढता येत नाही. एका अभ्यासावरून छापलेला मथळा शेजाऱ्याच्या बातमीइतकाच धरावा. चार गावांत, चार जणांनी, वेगवेगळ्या रीतीनं तेच पाहिलं असेल तर कान द्यावा.

हे सगळं परदेशातलंच, असंही नाही. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी लोकांत फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या. धक्का बसला पण नुकसान झालं नाही, अशा भागातले लोक आणखी मोठ्या संकटाच्या अफवा पसरवत होते. भीती आधीच मनात होती, तिला साजेसं कारण ते शोधत होते. या नोंदींनी अमेरिकेतल्या लिऑन फेस्टिंजरला विचारात पाडलं आणि त्यातून मनात न जुळणाऱ्या गोष्टी माणूस कशा जुळवून घेतो याचा त्याचा प्रसिद्ध सिद्धांत उभा राहिला. आपल्याच राज्यात म्हैसूर विद्यापीठात एम. व्ही. गोपालस्वामी मानसशास्त्र शिकवायचे, आणि १९३५ मध्ये याच प्राध्यापकांनी घरातून रेडिओ केंद्र चालू केलं. त्याचं नाव आकाशवाणी. लोकांच्या घरात त्यांच्या भाषेत शिरायचं कसं, हे त्यांना बरं कळलं असणार.

त्या मुलींचं सांगायचं राहिलं. तू तुझा कागद परत मागू शकतेस असं मी मावशीला सांगितलं, तेव्हा तिचा विश्वास बसेना. कागदावर एक मोबाईल नंबर होता, त्यावर मीच फोन केला. रविवारी त्यांतली एक मुलगी एकटीच आली. वरमली होती. मावशीचा जुना कागद तिनं पिशवीतून काढून तिच्या हातात दिला. नवीन कागद मराठीत होता, मैत्रिणीच्या आजीकडून तपासून घेतलेला. वर पहिलीच ओळ, 'हे सरकारी काम नाही. नको म्हटलं तरी चालेल.'

मावशीनं चष्मा लावला आणि बोट ठेवून सगळा कागद वाचला. चौथ्या प्रश्नाशी थांबून म्हणाली, "हे 'थकवा जाणवतो' काय लिहिलंयस गं? 'अंगात त्राण नाही' लिही." मुलीनं लिहून घेतलं. मग मावशी उठली, तिला मधल्या खोलीत घेऊन गेली. काका सवयीनं माग बंद करायला निघाले, तशी ती आतूनच ओरडली,

"चालू राहू दे ते. दोन्ही."